पाचवी टोच: उदयपूरची डाळ आणि मधेच गळणारी मुले

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर तासभर बसलात तर आशाताईंच्या पिशवीतून एक घड्या पडलेला कागद बाहेर येतो. त्याला ड्यू लिस्ट म्हणतात. बाळाचे नाव, आईचे नाव, कुठली लस राहिली. अशी यादी मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. जन्मानंतरच्या बीसीजीच्या, म्हणजे क्षयावरच्या लसीच्या रकान्यात जवळपास कोणी राहिलेले नव्हते. नऊ महिन्यांच्या गोवराच्या रकान्यात मात्र नावे पार खालच्या समासापर्यंत उतरली होती. मी विचारले, "हे लोक लस नको म्हणतात का?"

आशाताई म्हणाल्या, "नको कोण म्हणतंय? येते म्हणतात. येते येते म्हणत दिवाळी येते."

लस नाकारणारे लोक, त्यांचे गैरसमज, व्हॉट्सअॅपवरच्या अफवा यांवर आपण खूप बोलतो. या 'येते'वर फार कमी बोलतो. 'येते' म्हणणारी आई नकार देत नाही, म्हणून तिच्याशी वाद घालता येत नाही. समजावून सांगायला जावे तर तिला सगळे आधीच पटलेले असते. या 'येते'चे काय करायचे, याचा मला माहीत असलेला सगळ्यात कसून केलेला अभ्यास राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात झाला. काम २००४ ते २००७ या काळातले, निष्कर्ष २०१०मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. आजही वर्तनशास्त्राच्या वर्गात तो 'डाळीचा प्रयोग' म्हणून सांगितला जातो. बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो, म्हणून येथे तो सविस्तर मांडतो.

गाव कुठले, माणसे कोण

उदयपूर म्हटले की तलाव आणि राजवाडे आठवतात. हे ते उदयपूर नव्हे. हे अरवलीच्या डोंगरातल्या पाड्यांचे उदयपूर. वस्ती मोठ्या प्रमाणावर आदिवासी, घरे एकमेकांपासून लांब, ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या टेकाडावर. धडगाव-अक्कलकुव्याकडचे पाडे ज्याने पाहिले आहेत त्याला वेगळे चित्र काढून दाखवायला नको. 'गावात शिबिर आहे' या वाक्यातले 'गावात' तिथे दोन-तीन किलोमीटरचे असू शकते, आणि ते अंतर काखेत मूल घेऊन, उन्हातून कापायचे असते.

या भागात सेवा मंदिर ही संस्था कित्येक दशके काम करते आहे. मोहनसिंह मेहता यांनी ती उभी केली. प्रयोगाची आखणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर या अर्थतज्ज्ञांनी केली, सोबत ध्रुव कोठारी. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. (बॅनर्जी मुंबईत जन्मलेले आणि त्यांच्या आई निर्मला माहेरच्या पाटणकर, हे नोबेलच्या आठवड्यात आपल्या वर्तमानपत्रांनी आनंदाने छापले होते. डाळीबद्दल मात्र दोन ओळी आल्या असतील तर शपथ.)

त्या वेळची परिस्थिती अशी. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात एक ते दोन वर्षांच्या ४४ टक्के मुलांना मूलभूत लसी पूर्ण मिळाल्या होत्या. ग्रामीण राजस्थानात २२ टक्के. उदयपूरच्या गरीब पाड्यांवर सेवा मंदिरने पाहिले तर २ टक्क्यांहूनही कमी. लस सरकारी, फुकट. तरी पन्नासात एक मूलही पूर्ण होत नव्हते.

'पूर्ण' म्हणजे काय, हे नीट पाहून ठेवू, कारण सगळे प्रकरण त्यावर फिरते. तेव्हाच्या वेळापत्रकात बाळाला निदान पाच वेळा आणावे लागे. जन्मानंतर बीसीजी. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची त्रिगुणी लस आणि सोबत पोलिओ. शेवटी नऊ महिन्यांना गोवर. पहिल्या चार फेऱ्या साडेतीन महिन्यांत उरकतात. मग साडेपाच महिन्यांची पोकळी, आणि पाचवी फेरी. त्या पोकळीत पेरणी येते, कापणी येते, नवरा गुजरातेत कामाला जातो, आई माहेरी जाते, कार्ड छपराच्या वाशात खोचलेले तिथेच राहते.

दार बंद

सगळा दोष आईच्या आळसावर टाकायची घाई करू नये. त्याच जिल्ह्यात थोडे आधी झालेल्या पाहणीत उपकेंद्रे उघडी असायच्या वेळेत ५६ टक्के वेळा बंद आढळली होती. लसीकरणाची जबाबदारी असलेले कर्मचारी कोणत्याही कामाच्या दिवशी ४५ टक्के वेळा जागेवर नसत. आणि त्याला काही वारही नव्हता. सिस्टर सोमवारी नसतात, गुरुवारी असतात, असे असते तर लोकांनी जुळवून घेतले असते. आठवडी बाजाराशी जुळवून घेतातच की. इथे जाऊन पाहिल्याशिवाय कळायचे नाही. एकदा अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून, चढ चढून, कुलूप पाहून परत आलेली बाई पुढच्या वेळी का जाईल?

सिस्टर तिथे असल्या तरी आणखी एक अडचण असते, ती पुस्तकात फारशी येत नाही. बीसीजीची कुपी बऱ्याच मुलांना पुरेल एवढी असते. द्रावण मिसळून ती एकदा उघडली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. गोवराचेही तसेच. मग ओट्यावर एकच बाळ आले तर कुपी फोडायची की नाही? वरून विचारणा होते, लस वाया का गेली. म्हणून आईला सांगतात, "पुढच्या वेळी या, मुलं जमली की देऊ." नियमात हे बसत नाही, एका बाळासाठीही कुपी उघडावी असेच सांगितलेले असते. पण वाया गेलेल्या लसीचा हिशोब द्यावा लागतो आणि परत गेलेल्या आईचा कोणी मागत नाही.

तर प्रश्नाला दोन तोंडे होती. लस देणारा जागेवर नाही, आणि लस घेणारा 'येते' म्हणतो. कुठल्या तोंडाचा वाटा किती? प्रयोग याच भांडणाचा निकाल लावण्यासाठी होता.

चिठ्ठ्या टाकल्या

एकूण १३४ गावे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटली. ७४ गावांत काहीच नवे केले नाही. सरकारी व्यवस्था जशी होती तशी. ३० गावांत सेवा मंदिरने दर महिन्याला लसीकरणाचे शिबिर सुरू केले. ठरलेली तारीख, सकाळी अकरा ते दुपारी दोन, फिरते पथक. उरलेल्या ३० गावांत अगदी असेच शिबिर, वर एक भर: प्रत्येक टोचेमागे एक किलो कच्ची डाळ, आणि पाचही फेऱ्या पूर्ण झाल्या की जेवणाच्या थाळ्यांचा संच.

डाळीची किंमत तेव्हा साधारण ४० रुपये, थाळ्यांची ७५च्या आसपास. चाळीस रुपये म्हणजे तिथल्या मजुरीच्या पाऊण दिवसाचे. डोळे दिपावेत एवढे नव्हे, पण दुर्लक्ष करावे एवढेही कमी नव्हे. तिथे घराघरात रोज शिजणारी वस्तू. आणि पैसे नव्हेत, डाळ. पैसे दिले असते तर ते कुणाच्या खिशात गेले असते, यावर गावातल्या बायकांना विचारून पाहावे.

थाळीची निवड मला विशेष आवडते. डाळ त्या आठवड्यात संपते. थाळी फळीवर उभी राहते. शेजारीण पाणी प्यायला आली की तिला दिसते.

शिबिरे खरोखर भरतात की नाही यावर डोळा होता. सिस्टर आणि मदतनीस यांना जागेवर आपले फोटो काढावे लागत, त्यावर तारीख आणि वेळ छापून येई. ठरलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के शिबिरे भरली. गावातच एक कार्यकर्ता किंवा कार्यकर्ती होती. लहान मुले शोधायची, आयांना तारीख सांगायची, लसीचे महत्त्व सांगायचे. हे शिबिराच्या दोन्ही गटांत सारखेच. म्हणजे समजावणे सारखे, सिस्टर सारखी, वेळ सारखी. फरक फक्त डाळीचा.

काय निघाले

शेवटी एक ते तीन वर्षांची मुले मोजली. काहीच न केलेल्या गावांत ८६० मुलांपैकी ५० मुले पूर्ण, म्हणजे ६ टक्के. नुसत्या शिबिराच्या गावांत ३७९ पैकी ६८, म्हणजे १८ टक्के. शिबिर आणि डाळ असलेल्या गावांत ३८२ पैकी १४८, म्हणजे ३९ टक्के.

वर्गात हे तीन आकडे फळ्यावर लिहितात आणि सहा, अठरा, एकोणचाळीस एवढ्यावर गोष्ट संपते. मला या अभ्यासातली सगळ्यात बोलकी गोष्ट दुसरीच वाटते. पूर्ण झालेली मुले सोडा, निदान एक टोच घेतलेली मुले मोजा. शिबिराच्या दोन्ही गटांत ती साधारण चारांत तीन. डाळ असो वा नसो. काही न केलेल्या गावांतसुद्धा जवळपास निम्म्या मुलांना एक तरी टोच मिळालेली होती.

याचा अर्थ उलगडून पाहू. लसीला खरोखर विरोध असता, देवीचा कोप, परक्यांची सुई, वांझ करण्याचा कट असे काही मनात घट्ट असते, तर या आया पहिल्या टोचेलाच आल्या नसत्या. त्या आल्या. डाळीचा मागमूस नसलेल्या गावांतही आल्या. भीती असेल तर ती पहिल्या सुईला सगळ्यात जास्त असायला हवी. इथे गळती सुरू होते ती नंतर, दुसरी, तिसरी, चौथी करत. नुसत्या शिबिराच्या गावांत चारांत तिघे दारातून आत आले आणि पाचांतला जेमतेम एक शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचला. डाळीने दारातली गर्दी वाढवली नाही. आत आलेल्यांना पुढच्या खोल्यांपर्यंत नेले.

का गळतात, हे समजायला कुठल्याही त्रिगुणी लसीच्या रात्री त्या घरात असावे लागते. दुपारी हसतेखेळते मूल नेले. संध्याकाळी मांडी सुजली, रात्री ताप, मूल पाय हलवू देत नाही, सगळे घर जागे. सासू म्हणते, चांगलं मूल नेलंस आणि आजारी करून आणलंस. पॅरासिटामॉलचे औषध दिले असेल तर ठीक, नाहीतर पाण्याच्या पट्ट्या. लसीचा हा तोटा आज रात्री, डोळ्यांसमोर दिसतो. तिचा फायदा म्हणजे एक न झालेला घटसर्प, एक न आलेला गोवर. न झालेली गोष्ट कुणाला दिसते? गोवरातून वाचलेल्या मुलाच्या अंगावर 'वाचलो' असे लिहिलेले नसते.

अर्थशास्त्रात याला वर्तमानाकडे झुकणे म्हणतात. आजचा थोडा त्रास मोठा वाटतो, पुढचा मोठा लाभ धूसर. त्यामुळे निर्णय 'नाही' असा होत नाही, 'पुढच्या महिन्यात' असा होतो. पुढचा महिना आला की तोही 'आज' होतो. आपण विम्याचा हप्ता, दातांचा डॉक्टर, सकाळचे फिरणे यांच्या बाबतीत याहून वेगळे काय करतो? फरक एवढाच की आपल्या पाठीमागे शाळेचा फॉर्म असतो, सोसायटीतला डॉक्टर असतो, मोबाइलवर आठवण येते. पाड्यावरच्या बाईला सगळे स्वतःच्या निश्चयावर करायचे असते. एक किलो डाळीने तिला काही पटवले नाही. 'आजच का' याचे उत्तर तेवढे दिले. सासूलाही दिले: लसीला नको, डाळीला जा.

आणखी एक परिणाम ठळक आला. डाळीच्या गावांच्या आजूबाजूच्या गावांतली मुलेही, नुसत्या शिबिराच्या गावांच्या शेजाऱ्यांपेक्षा जवळपास दुप्पट प्रमाणात पूर्ण झाली. लोक चालत आले. ज्या अंतराचे आपण कारण सांगतो, तेच अंतर.

हिशोबाची वही

डाळ वाटणे महाग, असे कोणालाही वाटेल. वहीत उलटे निघाले. एका मुलाचे लसीकरण पूर्ण करायला नुसत्या शिबिरात सुमारे २,२०२ रुपये पडले, डाळीच्या शिबिरात १,१०२. निम्मे. यात जादू काही नाही. सिस्टरचा पगार, गाडीचे डिझेल, बर्फाच्या पिशव्यांसह लसीचा डबा हा खर्च शिबिरात चार मुले आली तरी होतो, चाळीस आली तरी तेवढाच. एसटी रिकामी धावली म्हणून डिझेल कमी लागत नाही. डाळीने गाडी भरली. आणि मघाची ती कुपी आठवते? मुले जमली की ती फोडताना हात अडखळत नाही.

हा निकाल ऐकल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असे नाही. एका बाजूचे म्हणाले, ही लाच झाली. आपल्याच मुलाचे भले करायला पालकांना डाळ कशाला द्यायची? दुसऱ्या बाजूचे म्हणाले, हा गरिबांचा अपमान आहे. त्यांना समजावून सांगा, त्यांना कळते. दोन्ही बाजूंच्या लोकांच्या स्वतःच्या मुलांच्या लसी केव्हाच पूर्ण झालेल्या होत्या, हा माझा शेरा.

लाचेचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. आज डाळ दिली, उद्या बंद केली, तर 'डाळ नाही तर टोच नाही' असे होईल का? सरकार बदलले, निविदा अडकली, डाळ किडकी आली, तर राग लसीवर निघेल का? तीन वर्षांच्या प्रयोगातून याचे उत्तर मिळत नाही. शाळेतल्या खिचडीच्या बाबतीत आपण हा सगळा प्रवास पाहिलेला आहे.

शब्दांचाही थोडा घोळ आहे. या प्रकाराला सर्रास 'नज', म्हणजे कोपरखळी, म्हणतात. रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन यांनी २००८मध्ये हा शब्द रूढ केला तेव्हा अट घातली होती: पर्याय बंद करायचे नाहीत आणि आर्थिक फायद्यातोट्यात मोठा फरक पाडायचा नाही. पाऊण दिवसाच्या मजुरीएवढी डाळ या अटीत बसते का? कडक अर्थाने नाही. आठवणीचा एसएमएस, आधीच टाकून ठेवलेली अपॉइंटमेंट, 'तुमची लस राखून ठेवली आहे' असा निरोप, या खऱ्या कोपरखळ्या. डाळ ही कोपरखळी आणि खाऊ यांच्या मधली काहीतरी. मला तिच्यासाठी आपला जुना शब्दच बरा वाटतो: निमित्त. बाहेर पडायला निमित्त लागते.

त्याच जिल्ह्यात, सिस्टरच्या बाबतीत

इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात. पण सहा टक्क्यांवरून अठरावर नेले ते डाळीने नव्हे, सिस्टर ठरल्या दिवशी आल्या म्हणून. मग साहजिक प्रश्न: सरकारी सिस्टरही ठरल्या दिवशी येतील असे करता येणार नाही का? त्यांना कोपरखळी का नको?

तेही करून पाहिले. त्याच जिल्ह्यात, सेवा मंदिर आणि आरोग्य प्रशासन मिळून. काही केंद्रांवर ठरलेल्या दिवशी परिचारिकांच्या हजेरीची नोंद तारीख-वेळेचा शिक्का मारणाऱ्या यंत्राने होऊ लागली. गैरहजर राहिले तर पगार कापण्याचा हुकूम निघाला. पहिले काही महिने हजेरी झपाट्याने वाढली. मग हळूहळू एक नवा रकाना वाढत गेला: 'सूट दिलेला दिवस'. बैठक आहे, पाहणी आहे, वरिष्ठांनी बोलावले आहे. रजा कमी दिसू लागल्या, सूट वाढली. सोळा महिन्यांनी यंत्राची केंद्रे आणि बिनयंत्राची केंद्रे यांत फरक राहिला नव्हता. दोष यंत्राचा नव्हता. वरच्यांनीच ते निकामी केले.

आईला हलवायला एक किलो डाळ पुरली. व्यवस्थेला हलवायला हुकूमही पुरला नाही. वर्तनाचे शास्त्र गरिबांच्या वर्तनाबद्दल फार बोलते आणि कार्यालयांच्या वर्तनाबद्दल कमी, ही माझी या विषयातली जुनी तक्रार आहे. ३९ टक्के हा आकडा ऐकायला छान आहे. त्याची दुसरी बाजू ६१ आहे. शिबिर, कार्यकर्ता, डाळ, थाळी एवढे सगळे करूनही दहांतली सहा मुले अपुरी राहिली.

आपल्याकडचे २०२१

कोविडच्या लसीच्या वेळी महाराष्ट्रात यातले बरेच काही, आखणी न करता, एकाच महिन्यात घडून गेले. नोव्हेंबर २०२१. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात प्रशासनाने आदेश काढला: निदान एक डोस घेतल्याचे प्रमाणपत्र नसेल तर पेट्रोल, गॅस आणि रेशन मिळणार नाही. त्याच सुमारास चंद्रपूर महापालिकेने लस घेणाऱ्यांसाठी सोडत जाहीर केली. बक्षिसांत फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही.

पहिला प्रकार कोपरखळी नव्हे, मानगूट आहे. पेट्रोलचे समजू शकतो. रेशनचा तांदूळ अडवणे म्हणजे उदयपूरची डाळ उलटी फिरवणे. डाळ देऊन बोलावणे आणि धान्य रोखून आणणे यांत रांग सारखीच दिसते, पण पुढच्या लसीच्या वेळी फरक कळतो. सोडतीबद्दल बोलायचे तर अमेरिकेत ओहायो राज्याने दहा लाख डॉलरच्या सोडती काढल्या होत्या. त्यांचा लसीकरणावर म्हणण्यासारखा परिणाम झाल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसले नाही. उलट स्वीडनमध्ये प्रत्येकाला खात्रीचे साधारण २०० क्रोनर दिले तेव्हा लस घेणारे सुमारे चार टक्के-बिंदूंनी वाढले. फ्रीज लागेल की नाही माहीत नाही. डाळ हातात मिळते.

हरयाणातला प्रश्न

उदयपूरनंतर दहा वर्षांनी बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरयाणा सरकारबरोबर हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. सात जिल्हे, १४० प्राथमिक आरोग्य केंद्रे, दोन हजारांहून जास्त गावे. इथे डाळ नव्हती. मोबाइलचा रिचार्ज होता, कुठे प्रत्येक टोचेला सारखा, कुठे चढत्या भाजणीने, शेवटच्या टोचेला सगळ्यात जास्त. सोबत आठवणीचे एसएमएस. आणि तिसरी गोष्ट, गावातून निवडलेली माणसे, ज्यांच्या तोंडून निरोप पसरेल. हे सगळे निरनिराळ्या प्रकारे जोडून पंचाहत्तर जोडण्या तपासल्या.

सगळ्यात जास्त परिणाम देणारी जोडणी: बोलकी माणसे, एसएमएस आणि चढता रिचार्ज. गोवराच्या लसी ४४ टक्क्यांनी वाढल्या. खर्चाच्या मानाने सगळ्यात फायद्याची जोडणी मात्र वेगळी: बोलकी माणसे आणि एसएमएस, रिचार्ज अजिबात नाही. म्हणजे डाळीच्या प्रयोगामुळे नाव झालेल्या माणसांना स्वतःच्याच पुढच्या अभ्यासात डाळीशिवायचा रस्ता स्वस्त सापडला. हरयाणात सरकारी सत्रे बऱ्यापैकी नियमित भरत होती, सुरुवातच वरच्या पायरीवरून होती. उदयपूरच्या पाड्यावर हेच निघाले असते असे मी म्हणणार नाही.

ती बोलकी माणसे शोधायची कशी, हे ऐकण्यासारखे आहे. सरपंचाला विचारले नाही, जात-पद-शिक्षण पाहिले नाही. गावातल्या कोणत्याही काही घरांत जाऊन विचारले: गावात जत्रा आहे, तमाशा-नाटक आहे, असे काही सांगायचे झाले तर कोणाला सांगितले की सगळ्या गावाला कळते? लोक क्षणात नाव सांगत.

परवा मी हाच प्रश्न आमच्या आशाताईंना विचारला. त्यांनी विचारसुद्धा केला नाही. म्हणाल्या, "पिठाच्या गिरणीवाली मावशी. तिला सांगितलं की दळण घरी पोचायच्या आत बातमी पोचते."

मग मावशीला सांगू या का, गोवराच्या लसीचे?

आशाताईंनी ड्यू लिस्ट माझ्यापुढे सरकवली आणि खालून चौथ्या नावावर बोट ठेवले. "हा तिचाच नातू. सुनेला तीनदा बोलावलं." कागदाची घडी घालत त्या उठल्या. "चला, आत्ता गिरणी चालू असेल. सुनेला नको, मावशीलाच सांगू."